मंद आचेची वही: थंडीतल्या सूप आणि स्ट्यूच्या प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर. मांडणी

हवा गार होऊ लागली की पोटभरीचं, गरम आणि पातळ काहीतरी हवंसं वाटतं. त्यासाठी दोन मूळ स्टॉक, म्हणजे मंद आचेवर काढून गाळलेले अर्क (एक हाडांचा, एक भाज्यांचा), त्यांवर बेतलेली तीन-चार सूप आणि दोन स्ट्यू (मंद शिजवलेली दाट कालवणं) एवढं पक्कं करायचं आहे. कसोटी दोनच. दुसऱ्या दिवशी गरम केल्यावर चव आणि पोत टिकला पाहिजे, आणि नोंद वाचून तिऱ्हाइतालाही तेच जमलं पाहिजे.

साधनं: ८ लिटरचं जाड बुडाचं पातेलं, ५ लिटरचं घट्ट झाकणाचं बिडाचं भांडं, १ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, टोकदार सळईचा थर्मामीटर, बारीक गाळणी आणि मलमलचं फडकं. सगळी मापं वजनात. ‘एक मध्यम कांदा’ ८० ग्रॅमचाही असतो आणि २०० ग्रॅमचाही.

प्रत्येक रिकाम्या पातेल्याचं वजन चिकटपट्टीवर लिहून ती कानाला लावली. शिजून झाल्यावर भरलं पातेलं काट्यावर ठेवायचं आणि रिकाम्याचं वजन वजा करायचं. आत नेमकं किती उरलं ते कळतं आणि मीठ हिशेबानं घालता येतं. क्षुल्लक वाटणारी ही सवय पुढे सगळ्यात जास्त कामी आली.

६ ऑक्टोबर. कोंबडीचा स्टॉक, पहिली खेप (फसली)

पाठीची आणि मानेची हाडं २ किलो, पाणी ४ लिटर, मोठी आच. पहिला अर्धा तास पातेलं खदखदत राहिलं, मग आच कमी केली. एकूण ४ तास. हाती २.६ लिटर.

स्टॉक दुधाळ, गढूळ, जिभेवर तेलकट. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही पाण्यासारखाच, थरथर नाही.

चुका दोन. जोरात उकळताना चरबीचे बारीक थेंब पाण्यात घुसळले जातात आणि हाडांतून सुटलेल्या प्रथिनांचे कण त्यांना धरून ठेवतात. एकदा हे मिश्रण झालं की गाळूनही गढूळपणा पुरता जात नाही. दुसरी चूक हाडांच्या निवडीत. स्टॉकला अंग, म्हणजे जिभेवर जाणवणारा दाटपणा, येतं ते जिलेटिनमुळे, आणि जिलेटिन बनतं कातडी, कूर्चा आणि सांध्यांतल्या कोलॅजनपासून. नुसत्या पाठीच्या हाडांत ते पुरेसं नाही.

८ ऑक्टोबर. तोच स्टॉक, दुसरी खेप (ठेवायची)

पाठी १.२ किलो, पंख ५०० ग्रॅम, पाय ३०० ग्रॅम. गार पाणी ४ लिटर. गार पाण्यापासूनच सुरुवात करायची, कारण तापमान हळू चढलं तर प्रथिनं सावकाश गोठतात, त्यांच्या मोठ्या गुठळ्या होतात आणि मळी होऊन वर येतात. ती पळीनं उचलता येते. गरम पाण्यात टाकलेल्या हाडांची मळी बारीक कण होऊन आतच फिरत राहते.

मध्यम आचेवर ४५ मिनिटांत ८५ अंश सेल्सियस. पहिल्या अर्ध्या तासात मळी चार वेळा काढली. पुढे ८८ ते ९२ अंश, म्हणजे दर दोन-तीन सेकंदांनी एखादा बुडबुडा वर यावा इतपत. झाकण तिरकं. ढवळायचं नाही.

अडीच तासांनी कांदा २०० ग्रॅम, गाजर १०० ग्रॅम, सेलरी १०० ग्रॅम, मिरे १०, तमालपत्रं २. आणखी १ तास. भाज्या सुरुवातीपासून टाकल्या तर त्यांचा चोथा होतो, सुगंध उडून जातो आणि मऊ पडलेली भाजी स्टॉकच पिऊन बसते.

फडक्यातून गाळला, पिळला नाही. हाती ३.१ लिटर. सकाळी सुरीनं कापता येईल इतका घट्ट, वर चरबीचा पिवळा थर. तो थर वापरेपर्यंत राहू द्यावा, खालचा स्टॉक हवेपासून झाकलेला राहतो.

मीठ शून्य, आणि ते मुद्दाम. हाच स्टॉक पुढे आटवून निम्मा झाला की मिठाचं प्रमाण दुप्पट होतं.

हाडांच्या स्टॉकबद्दल फार मोठे दावे केले जातात. जिलेटिन हे प्रथिन खरं, पण अपूर्ण. ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यात नसतं. हाडांतलं कॅल्शियमही पाण्यात फारसं उतरत नाही. स्टॉक चवीसाठी आणि अंगासाठी घ्यावा. पोषण त्यात पडणाऱ्या कडधान्यांतून, भाज्यांतून आणि मांसातून येतं.

९ ऑक्टोबर. प्रेशर कुकर

वरचंच प्रमाण अर्धं केलं. वाफ धरल्यावर आच अगदी बारीक, १ तास. मग कुकर आपोआप गार होऊ दिला. स्टॉक नितळ आणि कालच्याहून किंचित जास्त घट्ट. आत सुमारे १२० अंश तापमान असतं, पण दाबामुळे पाणी उकळत नाही, म्हणून घुसळणही होत नाही. मात्र हे शिट्टी होऊ दिली नाही तरच. शिट्टी म्हणजे वाफ सुटली, दाब उतरला, आतलं पाणी एकदम उसळलं. शेवटी घाईनं वाफ सोडली तरी सगळी मेहनत गढूळ होते. कुकर दोनतृतीयांशाच्या वर भरायचा नाही.

११ ऑक्टोबर. भाज्यांचा स्टॉक

कांदा ३०० ग्रॅम, गाजर २०० ग्रॅम, सेलरी १५० ग्रॅम, ताजे मशरूम १५० ग्रॅम, सुके मशरूम १५ ग्रॅम, एक पिकलेला टोमॅटो, पाणी २.५ लिटर. सगळं १ सेंटिमीटरचं चिरून. ४५ मिनिटं, मग लगेच गाळला. तुलनेसाठी अर्धा भाग आणखी सव्वा तास आचेवर ठेवला होता. तो अळणी-कडवट निघाला आणि उकडलेल्या कोबीसारखा वास मारू लागला. हाडांना वेळ दिला की ती देत जातात. भाजीचं तसं नाही, तासाभरात ती रिकामी होते.

टोमॅटो आणि मशरूम एकत्र घेण्यामागे कारण आहे. टोमॅटोत मोकळं ग्लुटामेट, सुक्या मशरूममध्ये ग्वानिलेट. दोन्ही एकत्र आली की चवीचा भरीवपणा बेरजेपेक्षा जास्त वाढतो. सुके मशरूम कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवून ते पाणी फडक्यातून गाळून वापरावं, नाहीतर तळाची रेती दाताखाली येते.

टाळायच्या गोष्टी: कोबी आणि फ्लॉवर (गंधकाचा वास), बीट (रंग), बटाटा (गढूळपणा). कांद्याची सुकी साल एखाद-दुसरी चालते, सोनेरी रंग येतो. मूठभर टाकली तर कडू.

हा स्टॉक कितीही चांगला झाला तरी पातळच लागतो, कारण जिलेटिन नाही. तोंडात अंग हवं असेल तर ३० ग्रॅम मसूर डाळ सोबत शिजवावी. नितळपणा मात्र जातो.

१४ ऑक्टोबर. लाल भोपळ्याचं सूप

एकाच भोपळ्याचे दोन भाग. एक पाण्यात उकडला, एक २०० अंशांच्या ओव्हनमध्ये भाजला. उकडलेल्याचं सूप फिकं आणि पाणचट. भाजलेल्यात पाणी उडून गोडवा एकवटतो आणि कडा खरपूस होतात, म्हणून पुढचं सगळं त्याच्यावर.

बिया आणि साल काढलेला भोपळा ९०० ग्रॅम, ३ सेंटिमीटरच्या फोडी, २० ग्रॅम तेल, ४५ मिनिटं. भाजून उरला ६४० ग्रॅम. फोडी एकाच थरात. एकावर एक चढल्या की भाजण्याऐवजी वाफवल्या जातात.

१५० ग्रॅम कांदा २५ ग्रॅम लोण्यात चिमूटभर मीठ घालून, झाकण ठेवून मंद आचेवर १५ मिनिटं. रंग येऊ द्यायचा नाही, फक्त पारदर्शक आणि मऊ. मीठ आधी घातल्यानं कांद्याला पाणी सुटतं आणि तो करपत नाही. मग भोपळा, ८०० ग्रॅम स्टॉक, १० मिनिटं मंद कढ, आणि वाटण.

वाटताना सावध. गरम सूप मिक्सरमध्ये बंद झाकणाखाली फिरवलं की वाफ एकदम फुगते, झाकण उडतं आणि हात भाजतो. भांडं एकतृतीयांशच भरायचं, झाकणाच्या मधली टोपी काढायची, वर दुमडलेलं फडकं धरायचं आणि सर्वात कमी वेगानं सुरुवात करायची.

वजन १,५५० ग्रॅम भरलं. मीठ ०.८ टक्के, म्हणजे १२ ग्रॅम. शेवटी १० ग्रॅम लिंबाचा रस. तो आंबट लागण्यासाठी नाही, गोडवा सपाट वाटू नये म्हणून. लोणी वगळू नये. भोपळ्यातलं बीटा कॅरोटीन शोषलं जायला सोबत स्निग्ध पदार्थ लागतो.

१५ ऑक्टोबर. लीक-बटाटा

लीक म्हणजे कांद्याच्या कुळातली लांब दांड्याची भाजी. मिक्सरमध्ये बटाटा गेला आणि सुपाची खळ झाली. पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटतात, स्टार्च मोकळा सुटतो आणि तार येते. बटाटा मॅशरनं कुस्करून किंवा चाळणीतून दाबून घालायचा. वाटायचंच असेल तर फक्त लीक.

१८ ऑक्टोबर. राजम्याचा स्ट्यू

सुका राजमा ४०० ग्रॅम, पाणी २ लिटर, मीठ ३० ग्रॅम, १२ तास. कडधान्य मिठात भिजवलं की निबर होतं हा समज चुकीचा निघाला. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेतं, साल लवचीक होते आणि दाणे फुटत नाहीत. नुसत्या पाण्यात भिजवलेल्या खेपेत बरेच दाणे फाटले.

भिजवलेलं पाणी फेकलं, ताजं घेतलं आणि पहिली ३० मिनिटं खळखळून उकळलं. या वहीत मोठी आच चालते ती इथेच, आणि इथे ती सक्तीची आहे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. मूठभर अर्धकच्चे दाणेही काही तासांत उलट्या सुरू करू शकतात. ते नष्ट व्हायला १०० अंशांवर किमान १० मिनिटं लागतात, आम्ही ३० धरतो. विजेच्या स्लो कुकरमध्ये भिजवलेला राजमा थेट टाकणं धोक्याचं. तिथे तापमान ८० अंशांच्या आसपास रेंगाळू शकतं आणि अशा अर्धवट तापमानाला विषाचा प्रभाव घटण्याऐवजी वाढतो.

पुढे दोन भाग. एकात टोमॅटो सुरुवातीपासून. २ तासांनी दाणे अजून करकरीत. दुसऱ्यात टोमॅटो दाणे बोटचेपे झाल्यावर. ७० मिनिटांत मऊ. आम्लामुळे पेशींना जोडणारं पेक्टिन विरघळत नाही. जड पाण्यातलं कॅल्शियमही तेच करतं. अशा पाण्यात १ लिटरला पाव चमचा खाण्याचा सोडा मदत करतो, त्याहून जास्त घातला तर साबणाची चव आणि पिठलेले दाणे. वर्षानुवर्षं पडून राहिलेला राजमा काहीही केलं तरी शिजत नाही. तो टाकून द्यावा.

दाटपणासाठी मैदा नको. शिजलेल्या दाण्यांपैकी पाव भाग कुस्करून परत मिसळला की स्ट्यू सरसरीत मिळून येतो.

२१ ऑक्टोबर. मटणाचा स्ट्यू

खांदा आणि नळी, १.२ किलो, ४ सेंटिमीटरचे तुकडे. तुलनेला मांडीचं निव्वळ लुसलुशीत मांस ३०० ग्रॅम.

तुकडे कागदानं कोरडे केले. बिडाच्या भांड्यात तेल तापवून एका वेळी ३०० ग्रॅमच टाकले. पहिल्या खेपेला घाईनं निम्मं मांस एकदम टाकलं, तर भांडं गार पडलं, पाणी सुटलं आणि मांस राखाडी झालं. ओल्या पृष्ठभागाचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस रंग-वास धरायला साधारण १४० अंश लागतात. या परतण्यानं ‘रस आत कोंडला जातो’ असं म्हणतात ते खरं नाही. परतलेल्या तुकड्यांचंही वजन शिजताना तेवढंच घटतं. परतायचं ते चवीसाठी.

मांस बाजूला काढून त्याच तेलात कांदा २५० ग्रॅम, १० मिनिटं. टोमॅटो पेस्ट ३० ग्रॅम, कच्चा वास जाऊन विटकरी रंग येईपर्यंत, ३ मिनिटं. मैदा २० ग्रॅम, १ मिनिट. मग १५० ग्रॅम स्टॉक ओतून बुडाचा तपकिरी थर लाकडी उलथन्यानं खरवडून घेतला. सगळी चव त्या थरात असते. तो काळा झाला असेल तर मात्र खरवडू नये. भांडं बदलावं, कारण कडवटपणा लपत नाही.

उरलेला स्टॉक ७०० ग्रॅम, मांस परत आत, पाणी मांसाच्या जेमतेम डोक्यापर्यंत. ओव्हन १५० अंश, झाकण बोटभर उघडं, सव्वादोन तास. झाकण घट्ट असेल तर आतलं द्रव उकळायला लागतं. फट ठेवली की बाष्पीभवन त्याला ८५ ते ९० अंशांवर रोखतं. गॅसवर करायचं तर दर २० मिनिटांनी बूड तपासावं लागतं. गाजर ३०० आणि बटाटा ४०० ग्रॅम शेवटच्या ४५ मिनिटांत.

खांदा आणि नळी चमच्यानं सुटतील अशी. मांडीचं मांस त्याच रसात बुडलेलं असूनही कोरडं आणि दोरीसारखं. त्यात कोलॅजनच कमी, त्यामुळे विरघळून ओलावा देणारं काही नाही. महागडं लुसलुशीत मांस स्ट्यूत घालणं म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

दीड तासाला चाखलं तेव्हा मांस चिवट होतं. तिथे पुष्कळ जण आच वाढवतात. उलट, तसंच अर्धा-पाऊण तास सोडून द्यायचं असतं.

२३ ऑक्टोबर. बार्ली-मशरूम

बार्ली ८० ग्रॅम, स्टॉक १.५ लिटर, ४० मिनिटं. गरम असताना उत्तम. सकाळी चमचा उभा राहील इतकं घट्ट. बार्ली पाणी ओढतच राहते. यापुढे बार्ली आणि पास्ता वेगळे शिजवून वाढताना घालायचे.

२५ ऑक्टोबर. दूध, क्रीम, दही

टोमॅटोच्या गरम सुपात १०० ग्रॅम थंड दूध ओतलं, लगेच फाटलं. ३० टक्क्यांहून जास्त चरबीचं क्रीम त्याच सुपात टिकलं, कारण त्यात गोठणारी प्रथिनं कमी आणि चरबी जास्त. दही टिकवायचं तर २०० ग्रॅमला १० ग्रॅम मैदा फेटायचा, गरम सूप पळी-पळीनं दह्यात मिसळायचं आणि मग ते परत पातेल्यात. नंतर ८० अंशांच्या आत.

याच दिवशी दाटपणाची मापं: १ लिटरला मैदा ४० ते ५० ग्रॅम किंवा कॉर्नफ्लोअर २० ते २५ ग्रॅम. मैदा तपकिरी भाजला तर चव वाढते पण दाटपणा घटतो, म्हणून जास्त लागतो. कॉर्नफ्लोअर घातल्यावर फार वेळ उकळलं किंवा आंबट पडलं की सूप पुन्हा पातळ होतं.

२७ ऑक्टोबर. मीठ आणि हिरवा रंग

खारट झालेल्या सुपात कच्चा बटाटा टाकायची युक्ती तपासली. बटाटा खारट पाणी पितो, मीठ वेगळं काढत नाही. उरलेलं सूप तेवढंच खारट. उपाय एकच, बिनमिठाचा स्टॉक घालून वाढवणं. मीठ शून्य ठेवलेला स्टॉक इथे उपयोगी पडतो.

पालक वाढण्याआधी २ मिनिटं, केल (कोबीच्या कुळातली जाड पानांची भाजी) ८ ते १० मिनिटं. लिंबू पातेल्यात नाही, वाटीत. आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि पानं शेवाळी-तपकिरी दिसतात. वाटीतल्या लिंबाचा आणखी एक फायदा: लिंबू शिजत नसल्यानं त्यातलं जीवनसत्त्व क उष्णतेनं नासायचं वाचतं आणि कडधान्यातलं लोह शोषायला मदत होते.

२९ ऑक्टोबर. गार करणं

सगळ्यात दुर्लक्षित टप्पा. ५ लिटर सूप झाकून ओट्यावर ठेवलं. ४ तासांनीही मध्यभागी ४१ अंश. जिवाणू वाढायला हे आवडतं तापमान. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत आणि सावकाश गार होणाऱ्या मोठ्या पातेल्यात झपाट्यानं वाढतात.

नियम: ६० वरून २१ अंशांपर्यंत २ तासांत, तिथून ५ अंशांपर्यंत आणखी ४ तासांत. तेच सूप ५ सेंटिमीटर उंचीच्या थाळ्यांत ओतून खाली बर्फाचं पाणी ठेवलं आणि अधूनमधून ढवळलं, तर २५ मिनिटांत २० अंशांवर आलं. फ्रीजमध्ये ३ ते ४ दिवस. पुन्हा गरम करताना मध्यभाग ७४ अंशांपर्यंत, आणि तेही लागेल तेवढाच भाग. पूर्ण पातेलं रोज गरम-गार करत राहिलं की दरवेळी धोका वाढतो आणि भाजीचा लगदा होतो.

२ नोव्हेंबर. गोठवलेल्या डब्यांची तपासणी

भोपळा, राजमा: जसेच्या तसे. मटण चांगलं, पण त्यातला बटाटा भुसभुशीत आणि रवाळ. गोठवायच्या स्ट्यूत यापुढे बटाटा नाही. कॉर्नफ्लोअरचं सूप वितळल्यावर पाणी सोडून बसलं, मैद्याचं त्यापेक्षा बरं. क्रीमचं फुटलं. क्रीम गरम करताना घालायचं. डब्यात वर २ ते ३ सेंटिमीटर जागा सोडायची, एका डब्याचं झाकण फुगून निघालं होतं. चव टिकते ती २ ते ३ महिने.

५ नोव्हेंबर. २० जणांसाठी

मटणाचा स्ट्यू चौपट केला. मांस, भाज्या, मीठ चौपट चालतं, स्टॉक नाही. बाष्पीभवन पातेल्याच्या तोंडाच्या रुंदीवर ठरतं, आतल्या वजनावर नाही. चौपट स्टॉक घातला तर शेवटी पाणीच पाणी. साडेतीनपट पुरला. मिरे आणि तमालपत्रं तिप्पट ठेवली, कमी वाटली तर शेवटी वाढवता येतात. शिजायचा वेळ तोच, पण कढ यायला पाऊण तास जास्त लागला आणि परतण्याच्या खेपा १६ झाल्या. पुढच्या वेळी परतण्यासाठी दुसरं भांडं. खाली काढताना दोन माणसं.

बाकी काम: कॉर्नफ्लोअरऐवजी कुस्करलेल्या राजम्यानं दाट केलेला डबा गोठवून पाहणे.